घरात बाया तीन

दिवा जरा इकडं सरकव, पोरी. आणि तो कागद ठेव बाजूला. रेशनच्या कार्डावर माझं नाव काय लिहायचं, एवढंच विचारतेस ना? एका शब्दाचं काम आहे, कबूल. पण तो शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. आधी ऐक, मग काय लिहायचं ते लिही.

आणि हसू नको. मी हसवते तेव्हा हसावं माणसानं. आत्ता मी हसवत नाहीये.

गावात मला नकल्या म्हातारी म्हणतात, ठाऊक आहे मला. पाटलाचा खोकला मी काढते, दुकानातल्या रिखबचंद शेटचं नाकातलं 'पधारो सा' काढते. तुझ्या आईबापाच्या लग्नात विहीणबाईच्या पत्रावळीखाली बेडूक कोणी ठेवला, ते आजवर कोणाला कळलं नाही. मीच ठेवला. लहानपणापासनं हे असंच. एकदा ऐकलेला आवाज माझ्या गळ्यात येऊन बसायचा तो उठायचाच नाही. माझी आई म्हणायची, "बेबा, तुझ्या गळ्यात किती जणी ऱ्हातात गं?"

बेबा. हे माझं माहेरचं नाव.

माहेर शिंदखेड्याचं. दोन इयत्ता शिकले, तिसरीत गेले नाही. पण वाचायला यायचं; समोरच्यानं धरलेला कागद उलटा असला तरी वाचायची मी. मग ह्या गावात दिली मला. तुझ्या आजोबांची मी दुसरी बायको, हे तुला कोणी सांगितलं नसेल. पहिली तापानं गेली होती, वरीस पण उलटलं नव्हतं. तिचं नाव झुंबर.

लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो ना, तसं तुझ्या आजोबांनी लिहिलं. मी पदराआडून वाचलं. झुंबर.

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. घरी आल्यावर सासूला विचारलं. सासू म्हणजे तुझी पणजी, ताईबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, आवाजावरून माणूस ओळखायची. ती म्हणाली, "बठ्ठा भांडासवर तिनंच नाव कोरेल शे. आते कोन खोडी?"

म्हणजे बघ. तांब्यावर, ताटावर, हंड्यावर पहिलीचं नाव कोरलेलं होतं, म्हणून मला ते लागलं. लुगडी तिची होती, ती मला आली. गळ्यात तिची मूर्त उठवलेला चांदीचा टाक बांधला. दुसरेपणाच्या बाईनं तो बांधायचाच. नवं लुगडं आणलं तर आधी त्या टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. गोड केलं तर पहिला घास टाकापुढं. हाक यायची "झुंबर", आणि ओ मी द्यायची. बरं, सासू वाईट नव्हती. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त ती मला हाक मारायची तेव्हा ती माझ्याशी बोलतेय असं मला कधी वाटलं नाही.

मी हसण्यावारी नेलं. बायकांत बसले की झुंबरच्या नावानं मीच थट्टा करायची. "आज मी मेलेली आहे, आज मला काम सांगू नका," म्हणायची. हसायच्या बाया.

मग एकोणीसशे अकरा साल आलं. शिरगणतीचं.

दर दहा वर्षांनी सरकार माणसं मोजतं. कोतवालानं गेरूनं दारावर आकडा काढला आणि तो पुढच्या आळीला गेला. दोन दिवसांनी भर दुपारी तोताराम मास्तर आला, काखोटीला चोपडी घेऊन. शाळेत नवाच बदलून आलेला, पारोळ्याकडचा. गावातलं कोण जितं, कोण मेलं, त्याला काय ठाऊक. तुझे आजोबा शेतात होते, सासू मागं म्हशीचं शेण भरत होती. मास्तर ओट्यावर बसला. मी दाराआड.

"घरात बाया किती?" त्यानं विचारलं.

"मोजा की."

"दिसत नाहीत तर मोजू कशा?"

"आवाज मोजा," मी म्हटलं.

मास्तर हसला. सासूचं नाव सांगितलं, तिचं वय अंदाजानं सांगितलं, त्यानं लिहिलं. मग म्हणाला, "आता तुमचं नाव सांगा बाई. नीट सांगा. हे मुंबईला जातं, तिथनं विलायतेला जातं. छापून ठेवतात."

दाराच्या चौकटीला धरून मी उभी होते. आणि मला वाटलं, तिकडंही झुंबरच जाणार. तांब्यावर ती, ताटावर ती, माझ्या गळ्यात ती, आणि आता सरकारच्या चोपडीतही तीच. बेबा कुठंच नाही. शिंदखेड्याहून निघालेली पोर वाटेतच कुठं सांडली म्हणायची.

दाराला लागून कापसाची खोली होती. भाव चढेल म्हणून त्या साली कापूस घरातच ठेवला होता, पार आढ्यापर्यंत. कापसाच्या खोलीत आवाज मरतो, ठाऊक आहे का तुला? टाळी वाजवली तरी ती तिथंच पडते, परत येत नाही. मी दोन पावलं आत गेले, त्या ढिगात तोंड खुपसलं आणि जाड, संथ आवाज काढला.

"मी झुंबरबाई. घरधन्याची थोरली."

मग चौकटीशी आले आणि माझ्या आवाजात म्हटलं, "आणि मी बेबाबाई. धाकटी."

मास्तरानं मान हलवली. दोन बायका करणारे गावात कमी नव्हते. लिहिता लिहिता म्हणाला, "थोरल्या बाईंना पडसं झालंय का?"

"कापसाची धूळ," मी म्हटलं. पदर तोंडात कोंबून हसले मी.

पण त्यानं चोपडी गुडघ्यावर कलती केली आणि फटीतून मला ती अक्षरं दिसली. उलटी, पण वाचली मी. बेबाबाई. वय एकोणीस. हसू कुठल्या कुठं गेलं. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला हाक मारली होती, असं वाटलं.

मास्तर गेला. मी वळले. मागच्या दारात सासू उभी होती. शेणाची पाटी डोक्यावरच, दोन्ही हातांनी तशीच धरून.

"हाऊ आवाज तुले कोनी शिकाडा?"

"कुठला आवाज, आत्याबाई?"

"तिना." ती खालच्या आवाजात म्हणाली. "तापमा तिनी जीभ सुजनी व्हती. आखरीले ती अशीच बोले..."

पोरी, मी झुंबरला कधी पाहिलं नव्हतं. कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज मी आपला मनानं काढला होता.

त्यानंतर सासूनं एक छंद धरला. दिवेलागणीला चुलीपुढं येऊन बसायची, भिंतीला टेकायची. म्हणायची, "एक डाव बोल ना वं." आंधळ्या म्हातारीचं मन मोडवेना. मी कापसात तोंड घालायची आणि बोलायची. "आत्या, जेवल्या का?" एवढंच. म्हातारी डोळे मिटून ऐकायची. गालांवरनं पाणी यायचं, आणि मग दुसरा दिवसभर माझ्याशी फार मऊ वागायची.

सुरुवातीला मला गंमत वाटली. चार दिवसांनी कापसाची गरज लागेना. चुलीपुढं बसूनच तो आवाज यायला लागला. आणि एका संध्याकाळी मी भाकरी थापता थापता बोलून गेले, "आत्या, तुमची मिशरीची डबी उतरंडीमागच्या कोनाड्यात आहे."

म्हातारी उठली, चाचपडत गेली, उतरंड बाजूला केली. डबी निघाली. गंजलेली. वरीसभर हरवलेली होती म्हणे ती.

मी त्या घरात यायच्या आधीपासनं.

त्या रात्री मी भाकर खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी गोवऱ्या थापायला उकिरड्याकडं गेले, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि मी ठरवून माझ्या आवाजात बोलायला लागले. नुसतंच. मी बेबा, मी शिंदखेड्याची, असं. बोलता बोलता लक्ष दिलं, तर 'मी' म्हणताना जो हेल यायचा तो माझ्या आईचा. शेवटी 'हं' यायचं ते शाळेच्या बाईंचं. हसू यायचं ते माझ्या मैत्रिणीचं, ती तिसरीत असतानाच गेली. म्हटलं, हे सगळे उसने काढून ठेवू, माझं काय उरतं बघू. एकेक बाजूला ठेवलं. उरला नुसता श्वास. आणि श्वास तर म्हैसही घेते.

कधी करून बघू नकोस तू असं. एकटं असताना तर मुळीच नको.

मी सासूला सांगितलं, आता पुरे, मी तो आवाज काढणार नाही. पण दिवेलागणीला येऊन बसायची ती बसायचीच. भिंतीला टेकून. आणि कोणीतरी काहीतरी सांगत असावं अशी मान हलवायची.

होळीला चार-पाच दिवस होते तेव्हा कोतवालानं दवंडी दिली. आज मोजणीची शेवटची फेरी. दिवेलागणीनंतर कोणी घर सोडायचं नाही, दारात दिवा ठेवायचा, कुत्री बांधायची. तुझे आजोबा नव्हते. कापूस अखेर विकायचा ठरला होता, सगळा गाड्यांत भरून ते आदल्या दिवशीच दोंडाईच्याला सरकी काढायच्या जिनात गेले होते. गाडीवाल्यांना तिथंच मोजणार होते. कापसाची खोली रिकामी. मी स्वतः झाडली होती. कोपऱ्यात सरकीचा वास तेवढा राहिला होता, तेलकट, कोंदट.

मी मनात पक्कं केलं होतं. मास्तर आला की सांगायचं, थोरली माहेरी गेली, तिकडं मोजतील तिला. बस. तिच्या नावावर रेघ पडेल, माझं राहील. मेलेली मेलेल्यांत जाईल, मी जित्यांत. सकाळपासनं ते वाक्य मी घोकत होते.

दिवस मावळला. चांदणं पडलं. तुला काय सांगू कसलं गाव झालं होतं ते. कोणी बोलत नाही, पोरं रडत नाहीत, जो तो आपापल्या दारात दिव्यापुढं बसलेला. आळीच्या टोकाला मास्तरचा कंदील दिसला. एका घराशी थांबायचा, मास्तर नाव घ्यायचा, आतून यायचं, "हजर." मग पुढचं नाव. "हजर." मग कंदील उचलला जायचा आणि एक घर जवळ यायचा. मी नावं ऐकत होते. छगन... हजर. पानबाई... हजर. त्या घरातला म्हातारा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता, त्याचं नाव आलं. कोणी बोललं नाही. मास्तर वाकला, काहीतरी ओढलं, कंदील उचलला.

आमच्या ओट्यावर बसला तेव्हा त्यानं बारीक बाटली काढली. लाल शाई.

"पहिलं काळ्या शाईनं लिहिलंय," तो सासूला समजावून सांगत होता. "आज लाल शाईनं तपासायचं. असेल त्याला खूण, नसेल त्याला रेघ. ताईबाई?"

"शे."

खूण.

"झुंबरबाई?"

मी दारात उभी होते. डोक्यावरनं पदर, पण दारात, दिव्याच्या उजेडात. घोकलेलं वाक्य सांगायला मी तोंड उघडलं.

"हजर..."

माझ्या मागून.

रिकाम्या खोलीतून. तोंडात कापूस भरलेला असावा तसा आवाज. खोलीत तर बोंडभर कापूस नव्हता. आणि तिथं नुसत्या भिंती असताना आवाज घुमायला पाहिजे होता, तो घुमला नाही. जिथल्या तिथं पडला. तेव्हा मला एक आठवलं... मेलेल्या माणसाच्या नाकाकानांत आपण काय घालतो ते.

मी शंभर आवाज काढलेत, पोरी. मी काढलेला मला ओळखू येतो. तो माझा नव्हता.

सासू दचकली नाही. तिनं पदर सारखा केला आणि बसल्या जागी थोडी सरकली. कोणी बसायला आलं की जागा करून देतो ना आपण, तशी.

मास्तरानं खूण केली. "बेबाबाई?"

मी पुन्हा तोंड उघडलं. घशातनं नुसती वाफ निघाली. मास्तरानं पुन्हा नाव घेतलं. मग कंदील वर करून माझ्याकडं बघितलं.

"तुमचं झालं ना, थोरल्या बाई. धाकट्या बाईंना बोलवा. नसल्या तर तसं सांगा, रेघ ओढतो."

बोरूच्या टोकाशी लाल थेंब जमला होता. चोपडी उघडी होती. बेबाबाई, वय एकोणीस. उलटी अक्षरं.

"मीच..." महामुष्किलीनं मी म्हटलं. "मीच बेबा."

"मग आत कोण आहे?"

बघ आता. खरं सांगायचं तर सोपं होतं. आत कोणी नाही, मास्तर, थोरली मेली, मी थट्टा केली. तो चिडला असता, दोन शब्द बोलला असता. मग म्हणाला असता, घरात सून एकच. तर मग तिचं नाव काय? आणि सासूनं सांगितलं असतं, झुंबर. काळ्या शाईतली बेबा लाल शाईनं गेली असती, आणि मी जन्मभर ताटावरचं नाव घासत बसले असते. दुसरं उत्तर द्यायचं तर... ते दिलं की ती घरात आली. माझ्या तोंडानं आली. मास्तरच्या चोपडीत एकदा थट्टेनं लिहिलं ते सोड. आता ती आत उभी होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. मला दिसत नव्हती, पण मानेवर कळत होतं.

मी थट्टा करत नव्हते. आयुष्यात एवढं मनापासून मी कधी बोलले नाही.

"आत झुंबरबाई आहेत," मी म्हटलं. "थोरल्या."

मास्तरानं माझ्या नावापुढं खूण केली. "म्हणजे घरात बाया तीन."

"तीन," सासू म्हणाली. "बरोबर शे."

कंदील पुढच्या घराकडं गेला. आम्ही आत आलो. सासू चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "तीन ताटं वाढ."

मी वाढली. तिसरं रिकाम्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि तोंड फिरवून जेवले. मागं वळून बघितलं नाही. सकाळी तीन ताटं घासून पालथी घातलेली होती. मी घासली नव्हती.

तुला वाटत असेल, मग बाई घर सोडून पळाली का नाही. पळणार कुठं? आणि खरं सांगू, त्या दिवसापासनं सासू मला बेबा म्हणायला लागली. आपणहून. "बेबा, पानी आन." मी कान देऊन ऐकायची. ते ऐकायला मी काहीही सोसलं असतं.

आखाजीला माझा भाऊ वना गाडी घेऊन आला. लेकी माहेरी जायचा सण. तुझ्या आजोबांच्या देखत मी गाडीत बसले, सासूच्या पाया पडले, आणि शिंदखेड्याला अडीच आठवडे राहिले. झोके घेतले, गाणी म्हटली, नकला केल्या. आईला हसवून हसवून रडवलं. एक आवाज तेवढा काढला नाही.

परत आले तर अंगणात दोन खाटांवर बिबड्या वाळत घातलेल्या. ज्वारीच्या पापडासारख्या, पातळ, एकसारख्या. दोनशे तरी असतील. अशा मला कधी जमल्या नाहीत, माझ्या फाटतात. सासूला डोळे नाहीत. मी विचारलं, ह्या कोणी केल्या?

तुझे आजोबा बैल सोडत होते. वळून बघितलं नाही. "सकायमाच तं तू करी ऱ्हायनी व्हती."

"मी? मी तर आत्ता येतेय. वना सोडून गेला ना आत्ता, वेशीशी."

तेव्हा वळले. माझ्या हातातलं गाठोडं बघितलं. हसले. "काय थट्टा करस वं? तू कव्हय गयथी?" मी गेलेच कधी म्हणे!

सगळ्या गावाला मी फसवलेलं, पोरी. माझं कोण खरं धरणार? मी सासूकडं बघितलं. ती ओट्यावर बसून मिशरी लावत होती. तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

पुढं राहिलोच आम्ही. नीट राहिलो. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या बाया म्हणायच्या, तुझा कामाचा उरक दोन माणसांचा आहे. मी हसायची. कधी कधी एखादा दिवसच आठवायचा नाही. सकाळी पाणी भरायला निघालेली मी, आणि एकदम संध्याकाळ, हात पिठानं भरलेले, तुझे आजोबा जेवून समाधानानं पान लावत बसलेले. विचारायची सोय नव्हती. विचारलं की थट्टा.

सासू गेली, तेव्हा मी तिच्या डोक्याशी बसले होते. पाय कोणीतरी चेपत होतं. मी बघितलं नाही.

आता एवढंच सांगते, आणि मग तू लिही तुला लिहायचं ते. ह्या घरात चार लेकरं झाली. चारही वेळा सुईण एकच होती, गल्लीतली. ती देवाघरी गेली, तिला विचारता येत नाही. पहिलं, तुझ्या आत्याचं, बाळंतपण मला आठवतं, दोन दिवस अडले होते. धाकट्या दोघांचं आठवतं. त्यांच्या वेळी लावलेल्या शेकाचा वाससुद्धा आठवतो.

दुसऱ्या खेपेचं मला काहीच आठवत नाही. पोट आल्याचं आठवत नाही. कळा आठवत नाहीत. एका सकाळी उठले, तर कुशीत दहा-बारा दिवसांचं पोर होतं, आणि ते दुधासाठी माझ्याकडं वळत नव्हतं. माझ्या खांद्यावरनं मागं बघून हसत होतं.

तो तुझा बाप.